बेस मॉडेलातला बेस

देवनागरीची एक सोय फारशी कुणाच्या लक्षात येत नाही. इंग्रजीत पायाभूत या अर्थाचा बेस आणि खर्जातला बेस वेगवेगळ्या अक्षरांनी लिहितात. आपल्याकडे दोघे एकाच पाटावर बसतात. त्यामुळे गाडी घेणाऱ्या मध्यमवर्गाची सगळी व्यथा चार शब्दांत मावते: बेस मॉडेलला बेस नसतो. माणूस शोरूममध्ये टॉप मॉडेलभोवती दोन प्रदक्षिणा घालतो, किंमत ऐकून बेस मॉडेलपाशी येतो, किती पैसे वाचवले ते घरी सांगतो, आणि पुढच्या सहा महिन्यांत तेच पैसे बाहेरच्या दुकानात देऊन दुसरा बेस घेऊन येतो. या दुसऱ्या खरेदीबद्दल माझी तक्रार नाही. ती केलीच पाहिजे, असंही मी म्हणेन. तक्रार तिच्या क्रमाबद्दल आहे. गाडीतला आवाज सुधारताना डोळ्यांचं मत घेतलं जातं, शेजाऱ्याचं गृहीत धरलं जातं, फिटरचं शिरसावंद्य मानलं जातं. ज्यांच्या नावाने हा खर्च चालला आहे त्या कानांना मात्र कुणी काही विचारत नाही. म्हणून जे सर्वांत जास्त दिसतं ते आधी बदललं जातं आणि ज्याने खरोखर फरक पडतो ते पत्र्याच्या आत असल्यामुळे तसंच राहून जातं.

कंपनीला शिव्या देण्याआधी तिची बाजू ऐकायला हवी. शोरूममध्ये आपण काय विचारतो? अॅव्हरेज किती देते, डिकीत किती बॅगा बसतात, सीट कव्हर फुकट मिळेल का. खर्जातला षड्ज स्वच्छ लागतो का, हे विचारणारं गिऱ्हाईक अजून जन्माला यायचं आहे. टेस्ट ड्राइव्हला तर शेजारी बसलेला विक्रेता पहिलं काम आवाज बारीक करण्याचं करतो, कारण त्याला स्वतःला बोलायचं असतं. अशा बाजारात कंपनीने दारात हलका, छोट्या चुंबकाचा, प्लॅस्टिकच्या चौकटीचा स्पीकर बसवला तर तिचं काय चुकलं? तो स्पीकर गाणं ऐकवायला बसवलेलाच नसतो, जागा धरायला बसवलेला असतो. एसटीच्या खिडकीतून आत टाकलेला रुमाल आणि कंपनीचा स्पीकर यांचा धर्म एकच. रुमालाचं सूत किती नंबरचं, याची चौकशी कुणी करत नाही. माहितीपत्रकातही म्हणूनच स्पीकरची फक्त शिरगणती असते. सहा स्पीकर म्हणजे पुष्कळदा चार दारांतले चार आणि आरशाजवळच्या कोपऱ्यात बसवलेले बोराएवढे दोन ट्वीटर. मुलांचं अर्धं तिकीट असतं, ट्वीटरचं पूर्ण धरतात.

शिवाय इतिहास पाहिला तर बाहेरून वाजंत्री आणणं हीच मूळ रीत आहे. 1930 साली अमेरिकेत पॉल गॅल्व्हिनच्या कारखान्याने गाडीत बसवायचा रेडिओ विकायला काढला आणि मोटर या शब्दाला ग्रामोफोनच्या तेव्हाच्या नावांतलं 'ओला' हे शेपूट जोडून त्याला मोटोरोला म्हटलं. म्हणजे गाडीतल्या रेडिओसाठी बनवलेलं नाव पुढे फोनवर गेलं, आणि आज तोच फोन गाडीतल्या रेडिओला पोसतो. 1956 मध्ये क्रायस्लरने चक्क डॅशबोर्डखाली तबकडी वाजवायचं यंत्र बसवलं होतं. तबकडी, सुई आणि धावती मोटार यांचं जमणार कसं, हा प्रश्न आपल्या रस्त्यांवर वाढलेल्या कुठल्याही पोराने विचारला असता. आपल्याकडे तर पद्मिनी आणि मारुतीच्या जमान्यात गाडी मुकीच घरी यायची. डॅशबोर्डात 180 बाय 50 मिलिमीटरचा एक आडवा कोनाडा असायचा, त्यावर प्लॅस्टिकचं झाकण, आणि त्यात टेप बसवणं ही गाडीची मुंज होती. पुढे टेप चोरीला जाऊ नये म्हणून त्याचं तोंड काढून खिशात घालायची सोय आली. मग हॉटेलात जेवायला आलेला माणूस टेबलावर पाकीट, किल्ली आणि टेपचं तोंड अशा क्रमाने आपली ऐपत मांडू लागला. आवाजाचा संबंध ऐकण्यापेक्षा मांडण्याशी आहे, हे तेव्हाच कळायला हवं होतं.

आता तो कोनाडा गेला आणि पडदा आला. आज आवाज सुधारायला निघालेला माणूस कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर किंवा आपल्या गावच्या अॅक्सेसरीजच्या दुकानात शिरतो आणि सर्वांत आधी नऊ इंची अँड्रॉइडचा पडदा पसंत करतो. पडद्यात रॅम किती, स्टोरेज किती, मागचा कॅमेरा किती स्वच्छ दिसतो, याची तपशिलात विचारपूस होते. ही सगळी चौकशी दूरदर्शन संच घ्यायला शोभणारी आहे. पडद्यामागच्या यंत्रातून निघालेला आवाज जाणार असतो त्याच जुन्या रुमालात, पण रुमाल दाराच्या जाळीआड असतो आणि पडदा समोर. सोसायटीतल्या कुणी काचेतून आत डोकावलं तर त्याला पडदाच दिसणार, स्पीकरच्या कोनाचा कागद दिसणार नाही. डोळ्यांनी पहिला हप्ता असा वसूल केला की कानांच्या वाट्याला उरतं ते वॉटचं गणित.

त्या गणितात थोडं थांबायला हवं, कारण एवढा प्रामाणिक खोटेपणा दुसरीकडे सहसा सापडत नाही. डब्यावर ठळक छापलेलं असतं: 50 वॉट गुणिले 4. गाडीची बॅटरी 12 व्होल्टची. इंजिन चालू असताना वीज फार तर 14.4 व्होल्टच्या आसपास जाते. स्पीकर 4 ओहमचा. शाळेतला नियम लावा: 14.4 चा वर्ग 207, भागिले 4, उत्तर पन्नासच्या किंचित वर. आकडा खरा निघाला! फक्त तो खरा ठरायला गाणं असं हवं की ज्यातली लाट कायम वरच्या नाहीतर खालच्या टोकाला चिकटलेली आहे, मधे कुठे वळण नाही, उतार नाही. माणसाच्या गळ्यातून किंवा तारेवरून निघणारा स्वर तसा नसतो, तो गोलाईने चढतो आणि उतरतो. अशा स्वराला या हिशेबातून निम्मेच वॉट मिळतात, आणि वाटेतली गळती जाऊन प्रत्यक्ष हातात पडतात 15 ते 20. म्हणजे डब्यावरचे पन्नास वॉट मिळू शकतात, पण फक्त कर्कश कलकलाटाला. यंत्राच्या पाठीमागे बघितलं तर बहुतेकदा 10 अँपिअरचा फ्यूज असतो. 10 गुणिले 14.4 म्हणजे 144. पुढच्या बाजूला 200 वॉटची घोषणा आणि पाठीला 144 चा फ्यूज! त्या डब्यात एकच हरिश्चंद्र आहे आणि त्याला पाठीमागे तोंड करून बसवलंय. ज्यांनी 1990 च्या दशकात घरातल्या टू-इन-वनवर हजारो वॉट पीएमपीओचे स्टिकर पाहिलेत, त्यांना याचं नवल वाटायचं कारण नाही. घराचा मीटर तेवढ्या वॉटला गरागरा फिरायला हवा होता; तो बिचारा शांत असायचा.

आणि समजा, खरे शंभर वॉट मिळाले, तरी कान त्यांना भीक घालत नाहीत. वॉट दुप्पट केले की आवाज 3 डेसिबलने वाढतो, म्हणजे शेजारच्याला "वाढला का रे?" असं विचारावं लागेल इतपत. आवाज दुप्पट मोठा वाटायला वॉट साधारण दहापट लागतात. दारातला बरा स्पीकर एका वॉटवर, एक मीटर अंतरावरून, 90 डेसिबलच्या घरात बोलतो. बंद काचांच्या गाडीत बसून गाणं ऐकताना खर्च होतो तो बहुतांश वेळ एक-दोन वॉट. बाकीचे वॉट लग्नातल्या आहेराच्या भांड्यांसारखे माळ्यावर असतात. आहेत, एवढंच समाधान.

त्यानंतर येतो वूफर. चाळीस हर्ट्झचा खर्ज घेतला तर हवेतली त्याची एक लाट साडेआठ मीटर लांब असते. आपली गाडी करसवलतीसाठी चार मीटरच्या आत कापून बसवलेली. आपल्या दुप्पट लांबीचा पाहुणा पोटात घ्यायचा म्हटल्यावर गाडी एक युक्ती करते: लाट पसरू देण्याऐवजी आतली सगळीच हवा एकदम दाबते आणि सोडते, सायकलच्या पंपासारखी. त्यामुळे छोट्या बंद गाडीत खर्ज आपोआप फुगतो आणि सीटखाली मावणारा आठ इंची वूफरही बऱ्यापैकी पुरतो. भौतिकशास्त्राने एवढी फुकट सूट दिलेली असताना माणूस डिकीभर पेटीतला बारा इंची का घेतो? कारण डिकी उघडल्यावर तो दिसतो. मग स्टेपनी काढायची तर आधी पेटी काढा, सीएनजीची टाकी असेल तर पेटीची सोयरीक जमतच नाही, आणि मे महिन्यात कोकणातून परतताना आंब्याच्या पेट्या पोरांच्या मांडीवर. शिवाय खालचे स्वर पत्रा आणि काच सहज ओलांडतात, वरचे आत अडकतात. म्हणून मालक आत पूर्ण गाणं ऐकत असतो आणि रस्त्याला ऐकू येतो तो फक्त धम्-धम् असा गाण्याचा अपचनविकार. सरकारी नियमांत निवासी भागासाठी दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे. ती सांभाळायची जबाबदारी शेवटी नंबरप्लेटवर येते, आणि ती तर थरथर कापत असते.

दिसत नसलेल्या गोष्टींकडे आता वळू, कारण खरं संगीत तिथे अडलेलं आहे. स्पीकर पुढे जेवढी हवा ढकलतो तेवढीच मागे ओढतो. पुढची आणि मागची हवा एकमेकींना भेटली की दोघींचा खर्ज परस्परांत जिरतो. घरातल्या स्पीकरला म्हणून लाकडी पेटी असते. गाडीत पेटी कोण? दार. आणि त्या दाराच्या आतल्या पत्र्याला दुरुस्तीसाठी ठेवलेली वीतभर भोकं असतात, त्यांवर प्लॅस्टिकचा पातळ कागद चिकटवलेला असतो. म्हणजे आपण तबल्याची वादी सैल सोडून त्यावर नवी शाई घालत असतो. भोकं नीट बंद केली आणि पत्र्याला आतून डांबरी-रबरी डॅम्पिंगच्या पट्ट्या लावल्या, तर त्याच स्पीकरमधून एवढा खर्ज निघतो की वूफरचा विचार पुढच्या दिवाळीपर्यंत ढकलता येईल. दुसरी अदृश्य गोष्ट वायरींची अधिक-उणे. घाईत बसवताना एका दाराच्या वायरी उलट जोडल्या गेल्या तर एक दार श्वास घेतं तेव्हा दुसरं सोडतं आणि मधल्या मधे बेस बेपत्ता होतो. गिऱ्हाईक म्हणतं, "दादा, बेस कमी वाटतोय." दुकानदार म्हणतो, "मग वूफर लागेलच ना साहेब." दोन वायरींच्या अदलाबदलीने सुटणारा प्रश्न असा पेटीभर होतो. जाता जाता एक सूचना: दारात पावसाचं पाणी उतरतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. उत्साहाच्या भरात तीही भोकं बुजवली तर पहिल्याच पावसाळ्यात दारात जलतरंग सुरू होतो, आणि दोन-चार पावसाळ्यांत गंज.

यावर पहिला आक्षेप असा की कंपनीत बसलेले अभियंते काय मूर्ख आहेत? मुळीच नाहीत, आणि या आक्षेपात वजन आहे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या एका बंगाली क्रांतिकारकाच्या मुलाने, अमर बोस यांनी, 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला जनरल मोटर्सच्या गाड्यांसाठी जी यंत्रणा केली तिचं मर्म हेच होतं की त्या ठरावीक गाडीच्या काचा, गाद्या आणि छप्पर धरूनच आवाज बांधायचा. बाहेरचा फिटर कितीही कसबी असला तरी त्याला ही मुभा नाही. आज टॉप मॉडेलांत दहा-बारा स्पीकरांची नामांकित यंत्रणा येते ती अशी मापाचा सदरा असते. तिला हात लावणाऱ्याचं बहुतेक वेळा नुकसानच होतं. पण बेस मॉडेलच्या गिऱ्हाइकाला हा सदरा शिवलेलाच नसतो. त्याच्या यंत्रात अभियंत्यांनी केलेलं असतं ते एवढंच, की स्वस्त स्पीकर फाटू नये म्हणून आवाज चढवला की खर्ज गुपचूप उतरवायचा. म्हणूनच काही वेळा नुसते महाग स्पीकर बदलूनही गाणं जास्त पोकळ वाटतं: पाहुणा नवा, पण वाढपी जुनाच, आणि त्याला हात आखडता घ्यायची सवय. नाममुद्रेवरून होणाऱ्या वादांबद्दल तर बोलायलाच नको. जेबीएल बरं की इन्फिनिटी, यावर मित्रामित्रांत अबोला धरला जातो. दोन्ही नावं हरमन या एकाच घरातली, हरमनला 2017 साली सॅमसंगने विकत घेतलं, आणि हरमनचा एक कारखाना आपल्या चाकणला आहे. भांडण भावाभावांचं, तेही आपल्याच तालुक्यातलं.

दुसरा आक्षेप जास्त व्यवहारी आहे. हमरस्त्यावर गाडीत टायरचा, वाऱ्याचा, इंजिनाचा मिळून सत्तरच्या आसपास डेसिबलचा घोळ चालू असतो; त्यात कसला आलाय नाजूक आवाज? हा आक्षेप घेणारा नकळत माझ्याच बाजूने साक्ष देतो. टायरची घरघर मुख्यतः खालच्या पट्टीत असते, म्हणजे ती गाण्याचा नेमका खर्जच झाकते. त्यात बेल प्रयोगशाळेतल्या फ्लेचर आणि मन्सन यांनी 1933 मध्येच दाखवून दिलं होतं की आवाज बारीक असला की माणसाचा कान खालचे स्वर आधी सोडून देतो. म्हणून बेस हवासा वाटणं हा चवीचा दोष नव्हे, कानाची रास्त मागणी आहे. प्रश्न ती भागवायची कशी, हा आहे. घरघरीच्या वर ओरडायचं, की घरघर कमी करायची? पहिल्या मार्गाला वॉट लागतात आणि दोन तासांनी डोकं दुखतं. दुसऱ्याला पत्र्यावर पट्ट्या लागतात आणि काही दुखत नाही, फक्त कुणाला दाखवता येत नाही.

तिसरा आक्षेप वॉरंटीचा. वायर कापली तर वॉरंटी जाते ही भीती खरी आहे, म्हणून तर "कपलर टू कपलर, वायर कट नाही" हे वाक्य या धंद्यातलं सुवचन झालंय. दारातल्या भोकांना मात्र कुठलाच कपलर लागत नाही. पुढे बोलायची गरज नाही.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुठल्याही दुकानात सुटत नाही: एवढ्या यंत्रणेवर आपण ऐकतो काय? फिटर काम संपल्यावर स्वतःच्या पेनड्राइव्हमधलं धडधडतं गाणं लावतो, छातीत कंप उठतो, पैसे दिले जातात. घरी जाताना मालक आपलं आवडतं लावतो. 'गीत रामायण' घ्या. 1955-56 मध्ये पुणे आकाशवाणीवरून आठवड्याआठवड्याने ती 56 गाणी प्रसारित झाली तेव्हा घरोघरच्या व्हॉल्व्हच्या रेडिओत एकुलता एक स्पीकर होता, आणि लोक त्यापुढे हार-फुलं ठेवून ऐकत. त्या काळचं ध्वनिमुद्रण एकाच वाहिनीचं. ते बारा स्पीकरांवर लावलं की बाराही जण एकच गोष्ट सांगतात, आणि महाराष्ट्रात बारा जणांचं एकमत होण्याची ती बहुधा एकमेव वेळ. स्टिरिओ ध्वनिमुद्रण असेल तर निराळी पंचाईत: चालवणारा उजव्या दाराला चिकटून बसलेला, म्हणून उजवा स्पीकर त्याच्या कानी आधी पोचतो. यावर उपाय आहे. डीएसपी नावाचं यंत्र उजवीकडचा आवाज काही सहस्रांश सेकंद रोखून धरतं आणि गायक बरोबर काचेच्या मध्यभागी येऊन बसतो. फक्त तो येतो चालवणाऱ्यापुरता. शेजारी बसलेल्या बायकोच्या दृष्टीने तोच गायक आता डाव्या दारातून बाहेर पडायच्या बेतात असतो. घरातल्या कुठल्या सीटसाठी आवाज जुळवायचा, हा त्यामुळे तांत्रिक प्रश्न राहत नाही. आणि एवढं सगळं जुळल्यावर या यंत्रणेवर सर्वांत जास्त वाजणारी कलावती कोण? "दोनशे मीटरवर उजवीकडे वळा" म्हणणारी बाई. तिच्या खालोखाल फोनवरचा, बारा स्पीकर आणि एका वूफरमधून घुमणारा आईचा प्रश्न: "कुठपर्यंत आलास?"

एक बाजू मात्र मान्य करायलाच हवी. खर्ज फक्त कानांनी ऐकायचा नसतो. पुण्यात ढोल-ताशाच्या पथकासमोर उभा असलेला माणूस स्वरांची स्वच्छता तपासत नाही; त्याची बरगडी ऐकत असते. या न्यायाने गाडीतल्या संगीताचा सर्वांत प्रामाणिक भोक्ता मला पश्चिम महाराष्ट्रातला ऊस वाहणारा ट्रॅक्टरवाला वाटतो. त्याला दार नाही, काच नाही, कानाशी इंजिन, मागे दोन ट्रॉल्या, समोर कारखान्याच्या गव्हाणीपर्यंतची रात्र. तो डोक्यावर पेटी बांधतो आणि गाणं गावाला वाटत जातो. गावाने ते मागितलेलं नसतं आणि त्यावरून होणाऱ्या तक्रारी योग्यच आहेत, पण झोप उडवण्यासाठी वॉट विकत घेणारं त्याच्याइतकं सरळ गिऱ्हाईक नाही. तिकडेच मिरवणुकीतल्या स्पीकरच्या भिंतीला सरसकट डॉल्बी म्हणतात. रे डॉल्बी या गृहस्थाने 1965 साली कंपनी काढली ती ध्वनिफितीवरची खरखर घालवायला. गोंगाट कमी करण्यासाठी आयुष्य घातलेल्या माणसाचं नाव सातारा-सांगलीने कशाला दिलंय, हे त्याला कुणी कळवलं नसावं.

बंद गाडीवाल्याकडे ट्रॅक्टरवाल्याची सबब नाही. तरीही पडदा, अॅम्प्लिफायर, वूफर असा सगळा प्रवास करून दमलेला एखादा जण शेवटी, पैसे संपत आल्यावर, दारं उघडून घेतो आणि आत त्या काळ्या पट्ट्या लावून घेतो. मग एक गंमत होते. कुणी गाडी पाहायला आलं की तो गाणं लावत नाही. तो दार उघडतो आणि लोटतो. आधी डब्याच्या झाकणासारखं ठण्ण वाजणारं दार आता परदेशी गाडीसारखं धप्प करून मिटतं. "ऐकलंस?" तो विचारतो, आणि पुन्हा उघडतो.